पडदा नसलेला साक्षीदार

समोरच्या काचेवर, आरशाच्या आड चिकटवलेला एक लहानसा काळा ठोकळा. त्याला पडदा नाही, कार्ड घालण्याची फट नाही. गाडी सुरू झाली की एक बारीक दिवा लागतो, एखाद्या नमुन्यात दोन शब्दांची घोषणा होते आणि मग सारे शांत. मागील काचेवर त्याचाच धाकटा जोडीदार असतो. छताच्या अस्तराखालून ओढलेल्या तारेने तो पुढच्याशी जोडलेला असतो. दुकानदार अशा डॅशकॅमचे वर्णन 'लावा आणि विसरून जा' एवढ्या शब्दांत करतो. विसरून जाता येणे हा या उपकरणाचा मोठा गुण आहे, आणि त्याची परीक्षा घ्यायची ती नेमकी तिथेच.

गुण आधी मान्य केला पाहिजे. पडदा नसल्यामुळे चालकाची नजर रस्त्यावरून ढळत नाही, रात्री डोळ्यांसमोर उजेड राहत नाही आणि बाहेरून पाहणाऱ्याच्या ते सहसा लक्षातही येत नाही. साठवण आतच असल्यामुळे स्वस्त अथवा बनावट मेमरी कार्डाचा घोर मिटतो. कार्ड असलेल्या कॅमेऱ्यांची नेहमीची कहाणी अशी की, अपघात झाल्यावर कार्ड काढून पाहावे तर ते केव्हाच निकामी झालेले.

परंतु त्या कार्डाचा एक उपकार होता. कोणीही ते उपसून संगणकात घालू शकत असे. नव्या कॅमेऱ्यात आत शिरण्याचे दार बहुधा एकच, मोबाइलवरचे ॲप. आणि मोबाइल असतो चालकाच्या खिशात. मोठा अपघात झाला तर चालक रुग्णालयात, त्याचा मोबाइल फुटलेला किंवा कुलूपबंद आणि गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात, बॅटरीची तार सुटलेली. अशा घडीला चित्रण बाहेर कोण काढणार?

म्हणून वस्तू परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी पहिली चाचणी हीच व्हावी. ज्याच्या मोबाइलवर कॅमेरा जोडला आहे त्याला बाजूला बसवावे आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीला, गाडी न चालवणाऱ्या आजोबांना किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला, कालच्या प्रवासातील एक मिनिट शोधून आपल्या मोबाइलवर उतरवून घ्यायला सांगावे. बहुतेक नमुन्यांत कॅमेरा स्वतःचे वाय-फाय उभे करतो. त्याला जोडल्यावर मोबाइलचे इंटरनेट बंद पडते, आणि काही मोबाइल 'या जाळ्यात इंटरनेट नाही' असे म्हणून आपणहून जोडणी सोडतात. ऐन वेळी माणूस इथेच हताश होतो. दुसरी चाचणी घरातली: कॅमेरा काचेवरून उतरवून साध्या मोबाइल चार्जरवर किंवा पॉवर बँकवर चालतो का, संगणकाला तारेने जोडल्यास चित्रफिती थेट दिसतात का, हे पाहावे. या दोन्ही प्रश्नांना नकार मिळत असेल तर चित्र कितीही सुंदर असो, ती वस्तू परत करणे शहाणपणाचे.

जोडीला थोडे अंकगणित. पुढचा कॅमेरा सेकंदाला १६ मेगाबिट आणि मागचा ८ मेगाबिट लिहीत असेल, तर मिनिटाला १८० मेगाबाइट आणि तासाला सुमारे ११ गिगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटच्या कॅमेऱ्यात राखीव जागा वगळता जेमतेम पाच तास मावतात. त्यानंतर जुन्यावर नवे लिहिले जाते. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्याच्या सकाळच्या प्रवासाचा बराच भाग घरी पोहोचेपर्यंत पुसलेला असतो. किरकोळ धडकेनंतर गाडी तशीच पुढे नेणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. चित्रण तिथल्या तिथे उतरवून घ्यावे, ते जमत नसेल तर कॅमेऱ्याची तार काढून टाकावी.

धक्का बसताच ती फीत आपोआप कुलूपबंद होते, असे यावर उत्तर दिले जाते. ते खरे आहे. पण धक्का ओळखणाऱ्या संवेदकाला खड्डा आणि टक्कर यांतला भेद नेहमीच कळतो असे नाही. संवेदनशीलता चढी ठेवली तर पावसाळ्यातील एका फेरीत राखीव जागा खड्ड्यांच्या चित्रणाने भरते. ती कमी ठेवून ओळखीच्या खराब रस्त्यावरून जाऊन यावे आणि किती फिती अडकल्या ते मोजावे.

चित्राची परीक्षा दिवसा करण्यात फारसा अर्थ नाही. भर उन्हात सगळेच कॅमेरे चांगले दिसतात. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडण्याचा क्षण पाहावा. चित्र किती वेळ पांढरेफटक राहते ते तिथे कळते. रात्री, १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना बंधनकारक झालेल्या परावर्तक क्रमांकपट्ट्या हेडलाइटच्या प्रकाशात इतक्या उजळतात की त्यांवरील अंक विरघळून जातात. मागचा कॅमेरा काचेवरील तापक रेषांमधून नीट पाहतो का, आणि मागचे दार शंभरदा उघडमिट झाल्यावर त्याची तार चेपणार तर नाही, हेही तपासावे.

उन्हाचा विचार विदर्भातील वाचकाला वेगळा सांगायला नको. बंद गाडीत काचेलगतच्या उपकरणातील लिथियम बॅटरी फुगू शकते. त्याऐवजी सुपरकपॅसिटर असलेला नमुना बरा. तो साठवतो ती वीज मात्र शेवटची फीत नीट मिटवण्यापुरतीच. चित्रण चालू असताना तार झटक्याने उपसावी आणि शेवटचे मिनिट शाबूत आहे का ते पाहावे. अपघाताचे मिनिट बहुधा शेवटचेच असते.

आतील साठवण झिजतेही. साधारण प्रतीच्या चिप हजार ते तीन हजार पुनर्लेखने सोसतात असे धरले जाते. रोज दोन तास चालणाऱ्या घरच्या गाडीला ती अनेक वर्षे पुरतात. दिवसाला बारा तास धावणाऱ्या टॅक्सीत मात्र साठवण दिवसाकाठी दोनदा पुन्हा लिहिली जाते. तिथे कार्डाचाच कॅमेरा घ्यावा, कारण कार्ड बदलता येते.

न्यायालयाचा भाग अनेकांना ठाऊक नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलवर उतरवलेल्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फितीचे हॅश मूल्यही नोंदवावे लागते. जालन्याच्या निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात, जुन्या कायद्याखाली, २०२० साली असे ठरले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर करून मालकाने ते शाबीत केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. आतल्या साठवणीच्या बाबतीत मूळ उपकरण म्हणजे अख्खा कॅमेरा. गंभीर प्रसंगानंतर तो पुन्हा काचेवर लावून वापरणे म्हणजे मूळ पुराव्यावर स्वतःच्या हाताने नवे चित्रण चढवणे होय.

त्या फितीवरचे घड्याळही पाहावे. पडदा नसल्याने चुकलेली वेळ महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. उपग्रहाकडून वेळ घेणाऱ्या कॅमेऱ्यात भारतीय वेळ निवडलेली नसेल, तर दुपारी तीनची धडक सकाळी साडेनऊची म्हणून नोंदली जाते. आणि कॅमेऱ्याच्या वाय-फायचा सांकेतिक शब्द एका चिठ्ठीवर लिहून घरी, गाडीच्या कागदपत्रांच्या छायाप्रतींबरोबर ठेवावा. गाडीत नव्हे.