जीर्णोद्धार की पुरावानाश? दुर्मीळ मोटारींच्या किमतीमागचा इतिहास

१/
१२ जुलै २००९. स्वित्झर्लंडमधील अस्कोना गावाजवळ माज्जोरे सरोवराच्या तळातून एक मोटार वर काढण्यात आली. १९२५ ची बुगाटी, 'ब्रेशिया' प्रकारातली. पन्नास मीटरहून अधिक खोलीवर ती सत्तरएक वर्षे पडून होती. आयातकर थकला म्हणून जकात अधिकाऱ्यांनी ती साखळीला बांधून पाण्यात सोडली, आणि पुढे साखळीच गंजून तुटली, अशी तिची हकिकत सांगितली जाते. गाळात रुतलेली बाजू बऱ्यापैकी शाबूत होती. पाण्याकडची बाजू गंजून चाळणी झाली होती.

२/
जानेवारी २०१० मध्ये पॅरिसला तिचा लिलाव झाला. लिलावगृहाचा अंदाज ७० ते ९० हजार युरोंचा होता. बोली गेली २,६०,५०० युरोंवर. घेणाऱ्या अमेरिकन संग्राहकाने ती दुरुस्त केली नाही, रंगवली नाही, चाकेही सरळ केली नाहीत. कॅलिफोर्नियातील आपल्या संग्रहालयात त्याने ती गंजासकट मांडली.

३/
हा श्रीमंतांचा लहरीपणा आहे, असे म्हणून अनेक जण हसले. वस्तुतः त्या व्यवहारात इतिहासाची समज होती, आणि ती मोटारींच्या जगात अजूनही अल्पमतात आहे. बहुमत आजही 'कारखान्यातून आज बाहेर पडल्यासारखी' करून टाकण्याच्या बाजूचे आहे. या थ्रेडचा वाद त्या बहुमताशी आहे.

४/
महाराष्ट्रातील इतिहासप्रेमींना ही वृत्ती अनोळखी नाही. यादवकालीन देवळावर ऑइल पेंटचे थर चढतात, वीरगळ शेंदराखाली बुजतो, तटबंदीच्या सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट भरले जाते आणि या सगळ्याला 'जीर्णोद्धार' म्हणतात. त्यावर संतापणारा तरुणच चकचकीत जुन्या मोटारीचे छायाचित्र दिसताच 'काय जपली आहे!' असे लिहितो. दगडाला लावलेला न्याय पत्र्याला का लागू होऊ नये, याचे उत्तर कोणी देत नाही.

५/
प्रथम खर्चाचे गणित पाहू, कारण बराचसा गोंधळ तिथेच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील उंची मोटार म्हणजे पोलादी चॅसी आणि त्यावर लाकडी सांगाड्याला ठोकून बसवलेला पत्रा. गाडी पूर्ण खोलायची म्हटले की सांगाड्यातले कुजलेले लाकूड बदलावे लागते. पत्रा हाताने ठोकून वळवावा लागतो. बेअरिंगमध्ये पांढरा धातू नव्याने ओतावा लागतो, आणि बाजारात न मिळणारा प्रत्येक भाग नमुन्यावरून ओतून लेथवर कातावा लागतो. मग निकेलचा किंवा क्रोमचा मुलामा, चामडे, रंगाचे थर, प्रत्येक थरानंतर घासणे. यात हजारो तास जातात. अमेरिकेतील किंवा युरोपातील नावाजलेल्या कार्यशाळेत हा खर्च कित्येक लाख डॉलरांवर सहज पोहोचतो.

६/
या खर्चाचा गाडीच्या किमतीशी थेट संबंध नसतो. लाखभर डॉलर किमतीच्या गाडीचा पत्रा ठोकायला जितके तास लागतात, जवळपास तितकेच कोट्यवधींच्या गाडीला लागतात. सामान्य जुन्या गाडीवरचा खर्च त्यामुळे तिच्या विक्रीतून निघत नाही. दुर्मीळ गाडीला मात्र तो जाणवतही नाही. मे २०२२ मध्ये १९५५ ची मर्सिडीज ३०० एसएलआर 'उलेनहाउट कूपे' १३ कोटी ५० लाख युरोंना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे अकराशे कोटी रुपयांना गेली. अशा दोनच गाड्या घडवल्या गेल्या होत्या. हा भाव चामड्याचा आणि रंगाचा असता, तर तेवढ्या पैशात तशा शेकडो गाड्या नव्याने घडवता आल्या असत्या. त्या नक्कला ठरल्या असत्या, आणि नकलेला कोणी अकराशे कोटी देत नाही.

७/
म्हणजे बाजार पैसे मोजतो ते अस्सलपणाचे. आणि कार्यशाळा पैसे घेऊन पुष्कळदा नाहीसा करते तोही अस्सलपणाच. मूळ रंगाचा थर एकदा खरवडला की तो कोणत्या घटकांचा होता, किती वेळा आणि कोणत्या क्रमाने गाडी रंगवली गेली, अपघाताचा पोचा कुठे होता, शर्यतीतला क्रमांक कुठे रंगवला होता, हे सारे भुसकटाबरोबर झाडून टाकले जाते. एखाद्याने अस्सल मोडी पत्र धुऊन त्याच कागदावर सुवाच्य अक्षरात मजकूर पुन्हा लिहावा आणि 'आता वाचायला सोपे झाले' म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

८/
यावर नेहमीचा प्रतिवाद असा : 'मूळ म्हणजे कारखान्यातली अवस्था. मधल्या मालकांनी केलेले फेरफार ही विकृती. ती काढून टाकणे म्हणजेच इतिहासाशी इमान.' वरकरणी हे पटण्यासारखे आहे. १९९० साली लंडनच्या न्यायालयात नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि तो खटला इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा इतका मोलाचा आहे.

९/
गाडी होती बेंटली 'स्पीड सिक्स', 'ओल्ड नंबर वन' या नावाने प्रसिद्ध. फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी सलग दोनदा जिंकली. पहिल्या वेळी वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन, दुसऱ्या वेळी बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन. प्रत्येक मोसमात तिचे भाग बदलले गेले. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवले गेले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती उतरत्या कडेवरून बाहेर फेकली गेली. चालक क्लाइव्ह डन्फी जागीच ठार झाला. त्यानंतर बार्नाटोने त्याच गाडीवर बंदिस्त कूपे बांधून घेतली. पुढे ती बॉडीही गेली आणि पुन्हा उघडी गाडी झाली.

१०/
ही गाडी विकण्याचा करार १ कोटी पौंडांना झाला, आणि मग खरेदीदाराने हात आखडता घेतला. त्याचे म्हणणे : ही ती गाडी नव्हेच. आणि तपासात खरोखरच दिसून आले की ल माँ जिंकणाऱ्या गाडीपैकी उरले आहेत ते पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच, स्टिअरिंगचा खांब असे मोजके भाग. थिसियसच्या जहाजाचे कोडे तत्त्वज्ञानाच्या वर्गातून उठून थेट न्यायालयात येऊन बसले, तेही १ कोटी पौंड पणाला लावून.

११/
न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांचा तर्क थोडक्यात असा : या गाडीचे भाग बदलले, पण एका दिवसात नव्हे, प्रत्येक बदल चालत्या गाडीत झाला आणि तिच्यात सामावून गेला. तिची ओळख कधीही खंडित झाली नाही, दुसरी कोणतीही गाडी त्या नावावर हक्क सांगायला उभी नाही. म्हणून सुट्या भागांच्या हिशेबाने ती 'मूळ' नसली, तरी 'ओल्ड नंबर वन' हीच.

१२/
हा निकाल दुरुस्तीवाल्यांना आवडतो. 'पाहा, सगळे बदलले तरी चालते!' असा अर्थ ते काढतात. निकालाचा अर्थ याच्या नेमका उलट आहे. न्यायालयाने मान्यता दिली ती अखंडतेला. १९३२ चे इंजिन या गाडीत वैध ठरते, कारण ते १९३२ मध्ये, शर्यतीसाठी, तिच्याच मालकाने बसवले. उद्या कोणी ते इंजिन काढून नव्याने ओतलेले १९२९ च्या नमुन्याचे साडेसहा लिटरचे इंजिन बसवले, तर ती गाडी १९२९ कडे परत जाणार नाही. ती उद्याची गाडी होईल, आणि डन्फीचा मृत्यू ज्या इंजिनासोबत झाला ते इंजिन तिच्यातून पुसले जाईल.

१३/
बाजारालाही हे कळते, निदान सर्वांत वरच्या थरात. फेरारी २५० जीटीओ एकूण ३६ बनल्या. त्यांतील ३४१३ क्रमांकाची चॅसी १९६२ ची. पण १९६४ मध्ये स्कालिएत्तीच्या कारखान्यात तिला नव्या धर्तीची बॉडी चढवली गेली. २०१८ साली ती लिलावात आली तेव्हा अंगावर १९६४ ची बॉडीच होती. भाव आला ४ कोटी ८४ लाख डॉलर. '१९६२ चे मूळ रूप परत आणा' असा हट्ट धरणाऱ्याने तो फेरफार विकृती ठरवून उतरवला असता. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला विकला गेलेला बायों संग्रहही असाच. पश्चिम फ्रान्समधील शेडांत दशकानुदशके सडत पडलेल्या ५९ गाड्या धुळीसकट लिलावात ठेवल्या गेल्या. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर एकटीच १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली.

१४/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : मोटार ही चालण्यासाठी असते, न चालणारी मोटार म्हणजे भुसा भरलेला वाघ. हे खरे आहे, आणि ते नाकारण्याचे कारणही नाही. टायर, ब्रेकचे अस्तर, रबरी नळ्या, इंधनाची टाकी यांना आयुष्य असते. ती बदलावीच लागतात. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची 'तोरिनो सनद' हेच सांगते. वास्तूंसाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये जी सनद झाली, तिच्या धर्तीवर ही घडवलेली आहे : वाहन वापरात ठेवा, हस्तक्षेप कमीत कमी करा, जे बदलाल ते ओळखू येईल असे ठेवा आणि त्याची नोंद करा. या सनदीत रंग खरवडण्याचा आग्रह कुठेही नाही. चालवण्यासाठी ब्रेक लागतात. आरसा वाटावा असा रंग लागत नाही. तो मूळ कारखान्यातही पुष्कळदा नव्हता. आजच्या स्पर्धांतील कित्येक बक्षीसपात्र गाड्या जन्मावेळी होत्या त्याहून गुळगुळीत आहेत, म्हणजे त्या जी अवस्था दाखवतात ती इतिहासात कधी अस्तित्वातच नव्हती.

१५/
'मग कारागिरांचे काय?' हाही प्रश्न येतो. पत्रा ठोकणारे, लाकडी सांगाडा बांधणारे हात आता थोडे उरले आहेत, आणि ते जगले पाहिजेत. पण जुन्या पत्र्याला ठिगळ लावून तो वाचवणे हे नवा पत्रा घडवण्यापेक्षा अवघड कसब आहे. धुळीने माखलेल्या कापडी अस्तराला आहे तसे टिकवायचे म्हटले, तर त्याला वस्त्रसंवर्धकाचा हात लागतो. काम कमी होत नाही, फक्त ते छायाचित्रात दिसत नाही.

१६/
भारतीय नियमांची भाषा या वादात गमतीशीर ठरते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांची व्याख्या आली : पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले, चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, व्यापारी वापराला मनाई. हेतू चांगला आहे. पण या कसोटीवर 'ओल्ड नंबर वन' नापास होते. आणि गंजलेला अस्सल पत्रा व हुबेहूब नवा पत्रा यांतला फरक ही व्याख्या विचारत नाही.

१७/
आणि खर्चाचे ते गणित पुन्हा आठवावे. दुर्मीळ गाडीला खर्च पेलतो म्हणून ती उरते, मग भले जास्तच घासलेली उरो. जी गाडी हजारोंच्या संख्येने होती, जिच्यात सामान्य माणसे बसली, तिच्यावर कोणी खर्च करत नाही, कारण विक्रीतून तो निघत नाही. ती भंगारात जाते. शंभर वर्षांनी मोटारींचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे उरतील त्या राजेरजवाड्यांच्या आणि शर्यतवीरांच्या गाड्या, एखाद्या सरंजामी दप्तरासारख्या.

१८/
मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी हे याचे ताजे उदाहरण. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० पासून घडलेली ही गाडी. टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून उठली. हळहळ वर्तमानपत्रांतून आठवडाभर चालली. 'व्हिंटेज' व्हायला त्या शेवटच्या गाडीला २०५३ उजाडावे लागेल.

१९/
तोवर एखादी वाचली आणि कोणा हौशी माणसाच्या हाती लागली, तर तिचे काय होईल याचा अंदाज करता येतो. काळा-पिवळा रंग कारखान्याचा नव्हे, म्हणून तो खरवडला जाईल. टपावरचा सामानाचा कॅरियर उतरेल. बॉनेटच्या कडेला मीटर बसवण्यासाठी पाडलेली भोके बुजवली जातील. छताला चिकटवलेले फुलाफुलांचे रेक्झिन फाडून त्याजागी 'मूळ' अस्तर येईल, आसनांखाली वीस वर्षांत साचलेली तिकिटे, नाणी आणि बिल्ल्यांचे तुकडे व्हॅक्युम क्लीनरने ओढले जातील. प्रदर्शनात मग हस्तिदंती रंगाची एक सुबक फियाट उभी राहील, आणि शेजारच्या पाटीवर लिहिलेले असेल : मुंबईची टॅक्सी.