अठराचे दुकान आणि बाराचे दुकान



या सदरात एरवी बियाणे, खत आणि कीड यांच्या बाहेर आपण फारसे जात नाही. परंतु हल्ली पत्रे येतात त्यांत एक निराळाच प्रश्न डोकावू लागला आहे. एका भगिनीने लिहिले आहे की, रस्त्यासाठी जमिनीचा तुकडा गेला, त्याच्या मोबदल्यातले तीन लाख रुपये शिल्लक आहेत. वैशाखात विहीर खोल करायची आहे आणि पाठोपाठ ठिबक घालायचे आहे. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा म्हणतो, तोवर सहा-सात टक्क्यांनी बँकेत कशाला कुजवायचे? फोनवरून लोकांना थेट कर्ज देता येते, अठरा टक्के सुटतात. यजमान म्हणतात, पैसा डोळ्यांसमोर राहू दे. घरात दोन तट पडले आहेत. आता तुम्हीच सांगा, अशी दुकाने पुष्कळ आहेत, त्यांतले चांगले कोणते?

प्रश्न रास्त आहे. तेव्हा प्रथम हे दुकान आहे तरी काय ते पाहू.

याला पी-टू-पी म्हणतात. म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाला कर्ज द्यायचे आणि मध्ये एक कंपनी उभी राहायची. आपला बाजार समितीतला अडत्या डोळ्यांसमोर आणा. तो घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची गाठ घालून देतो आणि आपली अडत घेतो. ही कंपनीही तेच करते. फरक एवढाच की अडत्याकडे माल घातला की पट्टी हातात पडते आणि रकमेची जबाबदारी त्याच्याकडे राहते. इथे कर्ज घेणाऱ्याने पैसे बुडवले तर कंपनी एक पैसाही भरून देत नाही, आणि नियमाने तिला देताही येत नाही. तोटा सगळा तुमचा. शिवाय कर्ज बिनतारणी असते, म्हणजे मागे सोने नाही, सातबारा नाही, जामीनही नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, इथे तसे काही नाही. पतसंस्थेतल्या ठेवीलाही ते नाही, पण तो अनुभव आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत लोकांनी घेतलेला आहे, तो मी काय सांगावा!

आता कोणी म्हणेल, मग गावातच चार जणांना व्याजाने दिले तर काय वाईट? तर तो विचार मनात आणू नका. परवाना नसताना सावकारीचा धंदा करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे. पी-टू-पी कंपन्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वतंत्र नियम केले आणि त्यांना नोंदणी सक्तीची केली.

तुलनेला बसण्यापूर्वी ही नोंदणी पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदणी झालेल्या कंपन्यांची यादी आहे. गंमत अशी की फोनवरचे नाव आणि कंपनीचे नाव पुष्कळदा निराळे असते. फेअरसेंट हे नाव आहे, कंपनी आहे फेअरॲसेट्स टेक्नॉलॉजीज. लेंडेनक्लबच्या मागची कंपनी इनोफिन सोल्युशन्स. आता जाहिरातीत दोन्ही नावे द्यावी लागतात. कंपनीचे नाव यादीत सापडले नाही तर तिथेच थांबा, पुढचे काही विचारूच नका. आणि यादीत सापडले म्हणजे रिझर्व्ह बँकेने तुमच्या पैशाची हमी घेतली असेही समजू नका. बियाणे विक्रीचा परवाना दुकानदाराकडे असला म्हणून प्रत्येक पिशवीतले बी उगवतेच असे नाही, तसेच हे.

बियाण्याचा विषय निघालाच आहे तर तेच माप इथे लावू. सोयाबीनच्या पिशवीवरचे चित्र पाहून आपण पेरणी करीत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवले ते मोजतो. पी-टू-पीच्या दुकानांचीही तुलना याच रीतीने करायची. फलकावर लिहिलेला व्याजाचा दर म्हणजे पिशवीवरचे चित्र. शंभर कर्जांतली किती फिटली, ही उगवण.

हिशेब मांडू. समजा, तुम्ही १ लाख रुपये शंभर जणांना हजार-हजार करून वर्षभरासाठी दिले. दर १८ टक्के. तुम्ही म्हणाल १८ हजार सुटले. नाही सुटत. कर्ज मासिक हप्त्यांनी फिटते आणि व्याज उरलेल्या मुद्दलावरच चालते. हजार रुपयांचा हप्ता बसतो सुमारे ९१ रुपये ६८ पैसे, बारा हप्त्यांची बेरीज होते १,१०० रुपये. म्हणजे व्याज १०० रुपये, १८० नव्हे. परत आलेला हप्ता दर महिन्याला पुन्हा कोणाला तरी त्याच दराने दिला तरच अठराच्या जवळ जाता येते, आणि पुन्हा दिला म्हणजे पुन्हा धोका आलाच. मुलाने हा हिशेब आईला सांगितला आहे की नाही, कोण जाणे.

आता या शंभरांतल्या आठ जणांनी काहीच दिले नाही असे धरा. ९२ जणांकडून आले सुमारे १ लाख १ हजार २०० रुपये. कंपनीने आपला मेहनताना एक टक्का, म्हणजे १ हजार रुपये घेतला. हाती राहिले १ लाख २०० रुपये. वर्षभर जीव टांगणीला लावून दोनशे रुपये! आता दुसरे दुकान पाहा. तिथे दर १२ टक्केच, पण माणसे पारखून घेतलेली, शंभरांतले तीनच बुडवणारे. तिथे हजाराचे १,०६६ होतात. ९७ जणांचे मिळून सुमारे १ लाख ३ हजार ४०० आले, हजार मेहनताना वजा जाता २,४०० रुपये सुटले. हे आकडे मी समजुतीसाठी धरलेले आहेत, बुडवणारा बहुधा दोन-चार हप्ते भरून मग बुडवतो हेही खरे, आणि परत आलेले हप्ते मधल्या काळात बँकेत ठेवले तर त्यांचे थोडे व्याज वर मिळेल. तरी बाराच्या दुकानाने अठराच्या दुकानाला मागे टाकले, हे ध्यानात घ्या. ज्याला बँक दहा-अकरा टक्क्यांनी कर्ज देत नाही तोच अठरा-चोवीस टक्के द्यायला तयार होतो. का, ते तुम्हीच ओळखा.

मग ही उगवण कळायची कशी? नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर दरमहा थकलेल्या कर्जांचे प्रमाण द्यायला हवे, ती किती जुनी आहेत त्याची फोड द्यायला हवी आणि कर्ज देणाऱ्यांनी किती तोटा सोसला तेही सांगायला हवे. ते पान मुलाकडून उघडून घ्या. पान सापडत नसेल, किंवा सापडूनही त्यात आकड्यांऐवजी हसरे चेहरेच असतील, तर ते दुकान सोडा.

आकडे सापडले तरी एक मेख आहे. ज्या कंपनीचा धंदा झपाट्याने वाढतो तिच्या थकबाकीची टक्केवारी नेहमी कमी दिसते. कारण निम्मी कर्जे दोन-तीन महिन्यांपूर्वीचीच असतात, ती थकायला अजून वेळच मिळालेला नसतो. पेरणीनंतर आठ दिवसांनी शेतात तण किती आहे हे विचारण्यासारखे ते आहे. म्हणून एकूण टक्केवारीवर जाऊ नका. दोन वर्षांपूर्वी दिलेल्या कर्जांपैकी आज किती फिटली, एवढेच विचारा. ज्याला उत्तर देता येते त्याच्याशी पुढचे बोलावे.

हा धंदा आपल्याकडे नवा असला तरी जगात जुना आहे आणि त्याचे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये झोपा नावाच्या कंपनीने २००५ साली याची सुरुवात केली. त्याच कंपनीने २०२१ मध्ये हा व्यवहार बंद केला आणि ती बँक म्हणून चालू राहिली. चीनमध्ये अशी हजारो दुकाने निघाली. त्यांतल्या एझुबाओ नावाच्या दुकानात सुमारे ९ लाख लोकांचे पैसे अडकले. कर्जदार बहुतेक खोटेच होते आणि नव्याचे पैसे जुन्याला व्याज म्हणून दिले जात होते. २०१६ च्या आरंभी ते उघडकीस आले. पुढे सरकारने लगाम आवळला आणि २०२० च्या अखेरीस चीनमध्ये असे एकही दुकान उरले नाही.

आपल्याकडेही काही मंचांनी ‘केव्हाही पैसे काढा, ठरलेला परतावा घ्या’ अशी भाषा सुरू केली होती. जणू ही बँकेतली ठेवच. रिझर्व्ह बँकेने १६ ऑगस्ट २०२४ रोजी नियम आणखी कडक करून ते बंद केले. खात्रीच्या परताव्याची जाहिरात करायची नाही, मुदतीआधी पैसे काढून देण्याची सोय ठेवायची नाही, आणि तुमचे पैसे मधल्या विश्वस्त खात्यात एका दिवसाहून जास्त पडून ठेवायचे नाहीत. त्यानंतर पुष्कळांचा धंदा आक्रसला. तेव्हा आज जर कोणी फोन करून ‘खात्रीचे बारा टक्के’ म्हणाला, तर तो नियम मोडतो आहे किंवा त्याच्याजवळ परवानाच नाही.

इतर नियम थोडक्यात सांगतो. एका कर्जदाराला तुम्ही जास्तीत जास्त ५० हजार रुपये देऊ शकता, मुदत ३६ महिन्यांच्या आत हवी. सगळ्या मंचांवर मिळून तुमची मर्यादा ५० लाख, आणि १० लाखांवर गेलात तर सनदी लेखापालाचा दाखला लागतो. आपल्यापैकी कोणाला तो लागेल असे वाटत नाही! कोणाला कर्ज द्यायचे ते तुमच्या मंजुरीशिवाय ठरवता येत नाही. म्हणून ‘आम्हीच वाटून देतो, तुम्ही बघायचे कारण नाही’ म्हणणाऱ्यापासून जपा. कंपनीचा मेहनताना कर्ज फिटण्यावर अवलंबून नसतो. दळण जाड आले तरी गिरणीवाला दळणावळ घेतोच. तक्रार केली आणि महिन्यात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेकडे जाता येते. व्याज मिळाले तर त्यावर आयकर लागतो, शेतीच्या उत्पन्नाची सूट त्याला नाही. बुडालेले मुद्दल त्यातून वजा होईल असे गृहीत धरू नका, कर भरणाऱ्याने जाणकाराला विचारावे.

सगळीच दुकाने नफ्यासाठी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. रंग दे नावाचा मंच २००८ पासून आहे. तिथे शेतकरी, कारागीर आणि बायकांचे छोटे उद्योग यांना कमी व्याजाने कर्ज मिळते आणि देणाऱ्यालाही व्याज थोडेच असते. तिथे पैसे घालणारा कमाईसाठी घालत नाही, त्यामुळे त्याला या तराजूत तोलणे बरोबर नाही. पैसे बुडू शकतात, हे मात्र तिथेही आहेच.

आता त्या भगिनीला उत्तर. ताई, तीन लाखांतला एक रुपयाही इथे घालू नका. दुकान वाईट आहे म्हणून नव्हे. विहिरीच्या कामाला पैसे वैशाखात एकरकमी लागतील, आणि इथून ते दर महिन्याला थोडे थोडे येतात, मध्येच मागून मिळत नाहीत. यंत्रवाला उभा आहे आणि पैसे कोणा अनोळखी माणसाच्या हप्त्यांत अडकले आहेत, अशी वेळ यायला नको. ती रक्कम बँकेत तीन-चार महिन्यांच्या मुदतीने ठेवा.

मुलावर रागावू नका. त्याला हौस आहे तर त्याने स्वतःच्या पगारातले दहा हजार घ्यावेत आणि यादीतली दोन दुकाने निवडून पाच-पाच हजार घालावेत. मंच घेऊ देईल तेवढे लहान तुकडे करून जास्तीत जास्त माणसांत वाटावेत. मग वहीत चार रकाने आखावेत, दिले, आले, थकले आणि मेहनताना गेला. ही वही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमच्यासमोर उघडावी. वर्ष झाले की दोन दुकानांतले कोणते बरे ते वहीच दाखवील. आणि खाते उघडताना वारसाची सोय आहे का ते पाहून नाव घालावे, कोणत्या मंचावर किती घातले ते घरात लिहून ठेवावे. हा व्यवहार सगळा फोनमध्ये असतो. पासबुक नाही, पावती नाही. घरच्या माणसांना ठाऊक नसेल तर पुढे शोधायचे कुठे?