विद्यापीठाचे आतले दार

समतेची घोषणा करण्यास आजकाल कोणतेही विद्यापीठ कचरत नाही. माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर ती छापलेली असते, आणि पदवीदान समारंभात तिचा उच्चार झाल्यावाचून पाहुण्यांचे भाषण संपत नाही. परंतु जे बोलण्यास कोणासच काही पदरमोड करावी लागत नाही, त्या बोलण्यावर सुज्ञांनी किती विसंबावे?

दार उघडणे म्हणजे काय, हे आम्हां वर्धेकरांस निराळे सांगावयास नको. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी येथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले केले. त्या काळी ते धाडसच होते. पण देवळास जसा सभामंडप आणि गाभारा, तशीच विद्यापीठासही दोन दारे असतात. बाहेरचे दार प्रवेशाचे. ते कायद्याने उघडले आहे. २००६ च्या कायद्यान्वये केंद्रीय शिक्षणसंस्थांत अनुसूचित जातींसाठी शेकडा १५, अनुसूचित जमातींसाठी ७.५ व इतर मागासवर्गांसाठी २७ जागा राखाव्या लागतात. आतले दार मात्र मार्गदर्शकाच्या खोलीचे, तोंडी परीक्षेचे, शिष्यवृत्तीच्या कागदावरील सहीचे आणि शिस्तभंगाच्या हुकुमाचे आहे. तेथे संख्येचा नियम चालत नाही. तेथे अधिकाऱ्याची मर्जी चालते.

महात्मा गांधींच्या नावाने १९९७ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचेच उदाहरण घ्या. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी तेथील सहा विद्यार्थ्यांस काढून टाकण्याचा हुकूम निघाला. जमावाकडून होणाऱ्या हत्यांसारख्या प्रश्नांवर पंतप्रधानांस पत्रे लिहिण्याचा त्यांचा बेत होता. त्यांनी धरणे धरले, आणि निवडणुकीच्या आचारसंहितेचा भंग केल्याचा ठपका त्यांजवर आला. पुष्कळ विद्यार्थी जमले असता आम्ही दलित व मागासवर्गीय तेवढेच वेचले गेलो, ही त्यांची तक्रार होती. चारच दिवसांनी तांत्रिक त्रुटी व नैसर्गिक न्याय यांचा हवाला देऊन हुकूम मागे घेण्यात आला. निवड हेतुपुरस्सर होती की नव्हती, याचा निवाडा आम्ही करीत नाही. आमचा प्रश्न इतकाच की, ज्या न्यायाची आठवण चौथ्या दिवशी झाली, ती पहिल्या दिवशी का होऊ नये?

यावर शिस्तीचे कैवारी म्हणतील, नियम सर्वांस सारखाच असतो. मान्य, पण सारखा नियम सारखेपणाने लागू झाला, हे दाखविण्याची जबाबदारी हुकूम काढणाऱ्याची आहे, सोसणाऱ्याची नव्हे. दुसरे म्हणतील, विद्यामंदिरात जात पाहूच नये, गुणवत्ता पाहावी. सुंदर तत्त्व! परंतु दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी सुखदेव थोरात समितीने २००७ साली दिलेला अहवाल वाचावा. अध्यापनात, परीक्षांत आणि वसतिगृहांत भेदभाव होत असल्याच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी त्यात नमूद आहेत. गुण देणाराच जात पाहत असेल, तर न पाहण्याचा उपदेश गुण घेणाऱ्यास करून काय उपयोग?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली नियम करून प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष व भेदभाव-प्रतिबंधक अधिकारी नेमण्यास सांगितले. हेतू स्तुत्य, पण तो अधिकारी नेमावयाचा संस्थेनेच, आणि तोही आपल्याच प्राध्यापकांतून. ज्याची बढती कुलगुरूंच्या हाती, त्याने कुलगुरूंच्या हुकुमाची चौकशी करावी, ही अपेक्षा मनुष्यस्वभाव न ओळखणाऱ्याची होय.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तक्रार ऐकणाऱ्यांत संस्थेबाहेरील माणसे असावीत. शिक्षेचा हुकूम म्हणणे ऐकून घेतल्यावाचून व कारणे लिहिल्यावाचून निघू नये. आणि किती तक्रारी आल्या, त्यांचे काय झाले, हे नावे वगळून दरवर्षी छापले जावे. यांस नवी इमारत लागत नाही, की मोठे अनुदान लागत नाही. जे विद्यापीठ एवढेही करावयास तयार नसेल, त्याने माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावरील समतेचे वाक्य तरी काढून टाकावे. म्हणजे खेड्यातून मुलामुलींस पाठविणाऱ्या आईबापांची निदान फसगत होणार नाही.