घरधन्याला न दिसणारी जाहिरात

जाहिरातीशी माझे वैर नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. दिवाळी अंक वाचून वाढलेल्या माणसाला जाहिरातीचा तिटकारा शोभणारा नाही. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. पुढे ही प्रथा घरोघर पोचली ती लेखकांच्या गुणावर खरी, पण जाहिरातदारांच्या पैशावरही. 'किर्लोस्कर' मासिकाचा तर जन्मच जाहिरातीच्या पोटी झाला. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना व्हावी म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली, आणि शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ती वाढत वाढत मराठी घरांतले एक आवडते मासिक होऊन बसली. तेव्हा वाङ्मयाला जाहिरातीचा विटाळ होतो असे मानणाऱ्यांतला मी नव्हे.

माझी तक्रार निराळी आहे. त्या अंकांत कोणती जाहिरात कोठे बसली आहे हे संपादकाला ठाऊक असे. अंक छापून झाला की जे त्याच्या हाती तेच वाचकाच्या हाती. इंटरनेटवर स्वतःचे पान चालविणाऱ्या आजच्या माणसाला ही साधी खात्री उरलेली नाही. त्याला एक पान दिसते आणि त्याच्या वाचकाला दुसरेच.

गेली काही वर्षे मी एक लहानसे संकेतस्थळ चालवितो. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून जे हाती लागेल ते तेथे जपून ठेवावे, एवढाच हेतू. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, दिंडांची कृती, पडून गेलेल्या वाड्यांची छायाचित्रे, ओळखीच्या वडीलधाऱ्यांचे मृत्युलेख, आणि श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीवरची दोनचार टिपणे. विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांनी १९१० पासून येथे ग्रंथालयांची घडी बसविली आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या, त्यावरचे टिपण त्यांतलेच एक. हे सारे हौसेचे असले तरी फुकटचे नव्हे. नावाचे भाडे वेगळे, मजकूर ज्या संगणकावर ठेवायचा त्याचे वेगळे, आणि दोन्ही दरसाल भरायची. तो खर्च निघावा म्हणून जाहिराती घेतल्या. त्यात लाजण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

हे संकेतस्थळ 'वर्डप्रेस' या प्रणालीवर उभे आहे. ती २००३ साली निघाली आणि कोणालाही विनामूल्य वापरता येते. तिला एखादे जास्तीचे काम शिकवायचे तर वरून एक लहानशी आज्ञावली जोडावी लागते. तिला म्हणतात प्लगइन. वर्तमानपत्राला पुरवणी जोडतात तसाच हा प्रकार म्हणा ना. फरक इतकाच, की पुरवणी मूळ अंकाच्या मजकुरात हात घालीत नाही. प्लगइन खुशाल घालते. जाहिरातीचे प्लगइन एकदा बसविले, की जाहिरात कंपनीने दिलेल्या चार सांकेतिक ओळी ते आपल्या लेखांतून जागोजागी पेरीत जाते. त्याला सांगावयाचे ते एवढेच, की दर तिसऱ्या परिच्छेदानंतर एक.

आता परिच्छेद म्हणजे काय हे यंत्राला कळत नाही. परिच्छेद संपल्याची खूण तेवढी कळते, आणि ते बिचारे खुणा मोजीत बसते. ओव्यांच्या पानावर प्रत्येक ओवी स्वतंत्र परिच्छेद, म्हणून तीन ओव्या झाल्या की एक जाहिरात. सासुरवाशीण माहेरच्या वाटेला लागते न लागते तोच मध्ये गृहकर्जाचा हप्ता उभा! हे मी हसून नेले असते. पण एका वृद्ध शिक्षकांच्या मृत्युलेखात त्यांच्या निधनाची वेळ आणि 'त्यांच्यामागे' हे शब्द यांच्या बरोबर मध्ये वधूवरसूचक केंद्राची हसरी जोडपी येऊन बसली, तेव्हा त्यांच्या कन्येचा फोन आला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "हे काढता येईल का हो?" रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. हा आजार मात्र साधा आहे. ठराविक विभागांत जाहिरात पेरू नये असे प्लगइनला सांगता येते, किंवा त्याची पेरणीच बंद करून जागा आपल्या हाताने नेमून देता येते.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ एकदा मला म्हणाले, "तुमचे ग्रंथालयांवरचे लेखन उत्तम, पण त्यात गुडघ्याच्या पट्ट्यांची जाहिरात कशाला?" त्यांना कसे सांगावे, की ती जाहिरात माझ्या लेखामुळे आलेली नव्हती, त्यांच्या गुडघ्यांमुळे आलेली होती! पान उघडताक्षणी, पापणी लवण्याच्या आत, त्या जागेचा लिलाव होतो, आणि वाचकाने पूर्वी काय काय शोधले यावरून बोली ठरते. तोच लेख त्यांच्या नातवाने उघडला तर त्याला बूट दिसतील. म्हणजे पान एक, वाचक दोन, जाहिराती दोन; आणि दोषाचा धनी लेखक एकटाच.

येथपर्यंत सारे सोसण्यासारखे होते. मग दांडिया बाजारातून मावशीचा फोन आला.

"अरे, तुझ्या त्या ओव्यांच्या पानावर मला लाखाचं इनाम लागलंय म्हणे. फोनचा नंबर मागताहेत, आणि बँकेचं कार्डही. देऊ का?"

मावशी ऐंशीच्या घरात आहे. तिने आयुष्यात कधी लॉटरीचे तिकीट घेतलेले नाही. मात्र पान भाच्याचे, तेव्हा इनामही घरचेच, असे तिने धरले, आणि तिच्या जागी तुम्हीआम्हीही तेच धरले असते. तिला काही देऊ नकोस म्हणून बजावले आणि पान उघडून पाहिले, तर तेथे काही नाही. ओव्या जेथल्या तेथे. तिला पुन्हा उघडायला सांगितले, तर आता तिच्याही फोनवर काही नाही. "मग मलाच भास झाला असेल," ती खजील होऊन म्हणाली. तिचे हे वाक्य मला त्या इनामापेक्षा अधिक लागले. ज्याने ही जाहिरात रचली त्याला नेमके हेच हवे होते, हे पुढे कळले. आलेला माणूस फोनवरून आला आहे का, प्रथमच आला आहे का, हे आधी तपासायचे. तसा असेल तर त्याला उचलून भलत्याच पानावर नेऊन टाकायचे. आणि जाता जाता त्याच्या फोनवर एक खूण ठेवायची, की दुसऱ्या वेळी त्याला काही दिसू नये. तक्रार करणारा खोटा ठरतो आणि धनी निश्चिंत राहतो.

शोध घ्यायला बसलो तेव्हा पुण्याची भाची मदतीला होती. ती या व्यवसायातलीच. तिने पहिलाच प्रश्न केला तो असा, "मामा, तुम्ही पान पाहता ते आत शिरून की बाहेरून?" संकेतस्थळाचा चालक आपले नाव आणि परवलीचा शब्द देऊन आत शिरलेला असतो, आणि पुष्कळशी जाहिरातीची प्लगइने अशा माणसाला जाहिरात मुळी दाखवीतच नाहीत. कारण रास्त आहे: स्वतःच्या पानावरची जाहिरात स्वतःच दाबणे हा त्या व्यवहारात गुन्हा समजतात. पण त्याचा परिणाम असा, की घरात काय चालले आहे ते घरधन्यालाच शेवटी कळावे.

तेव्हा बाहेरून पाहायचे. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडायची, घरचा वायफाय बंद करून फोनच्या स्वतःच्या इंटरनेटवर यायचे, पत्ता न टाइपता शोधयंत्रातून वाट काढीत परक्यासारखे आपल्या दारात उभे राहायचे. अशाने सातव्या की आठव्या खेपेस मावशीचे इनाम मलाही लागले! त्यानंतर कोणत्या प्लगइनचा हा उद्योग ते हुडकायचे. एकंदर चौदा होती. एकेक बंद करून पाहण्यापेक्षा निम्मी बंद करावीत, दोष राहिला तर तो उरलेल्या निम्म्यांत, मग त्यांची पुन्हा निम्मी, असे भाचीने सुचविले. चार फेऱ्यांत चोर सापडतो. यात एक खोच आहे. पान झटपट उघडावे म्हणून एक दुसरे प्लगइन पानांच्या तयार प्रती साठवून ठेवते आणि येणाऱ्याला तीच शिळी प्रत वाढते. साठा रिकामा केल्यावाचून काही बंद करा, चालू करा, वाचकाला कालचेच पान मिळणार. दुसरी खोच अशी, की लिलाव दर वेळी नवा असल्यामुळे जाहिरात दिसली नाही म्हणजे ती गेली असे नव्हे. म्हणून प्रत्येक फेरीला वीस वीस वेळा दार ठोठावले. जाहिरातीचे प्लगइन बंद असताना एकदाही काही नाही. चालू करताच तिसऱ्या खेपेस उडी. एफ-१२ ची कळ दाबली की पानाचा कोणता तुकडा कोणत्या पत्त्यावरून आला त्याची यादी दिसते, तीतही उडीचा आरंभ तेथूनच.

कंपनीला सविस्तर पत्र धाडले. उत्तर आले, "आमच्याकडे पान व्यवस्थित दिसते." कंपनीचे नाव सांगण्यात मला स्वारस्य नाही. त्यांनीही आतून पाहिले असावे.

कोणी म्हणेल, ही एका हौशी माणसाची किरकोळ रड. तसे नाही. 'डिस्प्ले विजेट्स' नावाचे एक प्लगइन सुमारे दोन लाख संकेतस्थळांवर होते. २०१७ साली मूळ कर्त्यांनी ते विकले. नव्या मालकाच्या हाती येताच त्यात अशी आज्ञावली शिरली, की त्या संकेतस्थळांवर परस्पर जाहिरातबाज मजकूर छापता यावा, आणि चालक आत शिरलेला असेल तर त्याला तो दिसू नये. वर्डप्रेसच्या भांडारातून ते अनेकदा काढावे लागले, तेव्हा सप्टेंबर २०१७ मध्ये एकदाचे कायमचे गेले. पूर्वी वाड्याला नवे कूळ आले तर निदान त्याचे बिऱ्हाड येताना दिसे. येथे मालक बदलतो आणि दारावरची पाटी तीच राहते.

यावर उपाय निघालेच नाहीत असे नव्हे. संकेतस्थळाची जागा विकण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे याची यादी जाहीर लावण्याची रीत २०१७ पासून रूढ झाली. फारच त्रास देणाऱ्या स्थळांवरच्या जाहिराती क्रोम ब्राउझर २०१८ पासून अडवू लागला. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण यादी सांगते विकणारा कोण, विकले काय जाते ते सांगत नाही. आणि ब्राउझर पाहतो जाहिरातीचा आकार आणि आरडाओरड, तिची नियत पाहत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. आपल्यापैकी पुष्कळ जुन्या संस्था, वाचनालये, गणेशोत्सव मंडळे आता संकेतस्थळे चालवितात, आणि खर्चाचे रडगाणे सगळीकडे सारखेच. त्यांनी जाहिरात जरूर घ्यावी, पण ती ओळखीच्या दुकानदाराकडून, साध्या चित्राच्या रूपाने घ्यावी. चित्र आपल्याच संगणकावर ठेवावे, त्यामागे कोणाची आज्ञावली नसावी. असे चित्र वाचकाची चौकशी करीत नाही आणि त्याला उचलून कोठे नेत नाही. उत्पन्न यात कमी होते का? लहान संकेतस्थळाला लिलावातून मिळते तरी किती! माझ्या वर्षाच्या कमाईत नावाचे भाडेसुद्धा निघत नव्हते. आणि लिलावाच्या जाहिराती ठेवायच्याच असतील, तर आठवड्यातून एकदा तरी चालकाने परक्याच्या फोनवरून आपल्या घरी पाहुणा होऊन जावे. वाचणारी मंडळी पुष्कळशी वयस्क आहेत. फोनवर मराठी अक्षर दिसले की ती त्यावर विश्वास टाकतात. हा विश्वास त्यांनी आपल्या नावावर टाकलेला असतो, जाहिरात कंपनीच्या नव्हे.

माझ्या पानावरून ते प्लगइन गेले. त्याच्या जागी सध्या दोन जाहिराती आहेत, एक लग्नपत्रिका छापणाऱ्याची आणि एक फराळाचे जिन्नस करणाऱ्या बाईंची. दोन्ही पानाच्या तळाशी, ओव्या संपल्यावर. मृत्युलेखांच्या विभागात काही नाही. छापखानेवाल्यांनी दिलेला फोन नंबर एका आकड्याने कमी होता. तो एका वाचकाने दाखवून दिला, आणि तो त्याच दिवशी दुरुस्त झाला.