बिनक्लचची गाडी घ्यावी का?

सांगलीच्या एका वहिनींचे पत्र आले आहे. घरात पहिली चारचाकी घ्यायचे ठरले आहे. सकाळी दोन मुलांना शाळेत सोडायचे, तिथून स्वतःची बँक गाठायची, आठवड्यातून दोनदा सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचे, हे सगळे त्याच करणार, कारण यजमानांची नोकरी फिरतीची. त्यांना ऑटोमॅटिक हवी आहे. यजमान म्हणतात, "पन्नास-साठ हजार जास्त कशाला घालवायचे? आणि गिअर न टाकता गाडी चालवणं ते कसलं?" वहिनी विचारतात, मी हट्ट धरू का?

धरा! पण माहिती घेऊन धरा, म्हणजे वाद होणार नाही, बोलणं होईल.

आधी पैशाचं. साठ हजार एकदम ऐकले की छातीत धस्स होतं. पण गाडी आठ वर्षे वापरणार असाल तर महिन्याला सव्वासहाशे रुपये पडतात. शाळा सुटायच्या वेळी बाजारातून दोन किलोमीटर जाताना डावा पाय किती वेळा क्लच दाबतो, ते यजमानांना एकदा मोजायला सांगा. मग सव्वासहाशे जास्त की कमी, ते तेच सांगतील. आणि कमीपणाचं म्हणाल, तर १९८४ साली कायनेटिक होंडा आली तेव्हा स्कूटरला गिअर नाही याचंच नवल होतं. आज दारोदारी बिनगिअरच्याच स्कूटर उभ्या आहेत आणि घरातले पुरुषही त्याच नेतात.

ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार नव्हे, हे मात्र दुकानात नीट सांगत नाहीत. सर्वांत स्वस्त ती एएमटी. आत क्लच आणि गिअर नेहमीचेच, फक्त ते दाबायचे-बदलायचे काम यंत्र करते. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत ही सोय दिली आणि ऑटोमॅटिक आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली. पेट्रोल साध्या गाडीइतकेच लागते. खोड एकच, गिअर बदलताना मान किंचित पुढे डुलते. मागे बसलेल्या सासूबाईंना ते जाणवेल. चालवणारीने त्या क्षणी ॲक्सिलरेटर जरा सैल सोडला की बरेच कमी होते.

दुसरी सीव्हीटी. दोन कप्प्या आणि त्यांवर एक पट्टा, त्यामुळे धक्का असा नाहीच, गाडी लोण्यासारखी जाते. जोरात दाबली तर आवाज आधी वाढतो, वेग मागून येतो. तिसरी टॉर्क कन्व्हर्टर. ही जुनी, भरवशाची, पण पेट्रोल थोडे जास्त पिते. या दोन्हींना साध्या गाडीपेक्षा साधारण लाखभर जास्त मोजावे लागतात. चौथी दोन क्लचची, वेगाची हौस असणाऱ्यांची. तिच्यातल्या कोरड्या क्लचच्या गाड्या मुंगीच्या चालीने चालणाऱ्या गर्दीत तापतात. शाळा-बँक-दवाखान्यासाठी मी ती घेणार नाही.

बॅटरीवरच्या गाडीलाही गिअर टाकावे लागत नाहीत. घरच्या आवारात चार्जिंगची सोय असेल तर तीही बघून ठेवा.

चालवून बघायला विक्रेता सकाळी अकराला मोकळ्या, सपाट रस्त्यावर नेतो. तुम्ही शाळा सुटायची वेळ मागून घ्या. उड्डाणपुलाच्या चढावर, मागे कुणी नाही असे बघून थांबा आणि ब्रेकवरचा पाय काढा. गाडी मागे घसरते का? चढावर धरून ठेवायची सोय असेल तर ती दोनेक सेकंद थांबेल, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर जातो. ॲक्सिलरेटर अर्धवट दाबून चढावर गाडी तोलून धरायची नाही, एएमटीत तर नाहीच. क्लच जळतो.

सासूबाईंना बरोबर न्या. गुडघे दुखणाऱ्याला खाली बसायचं नको आणि वर चढायचंही नको. सीट त्यांच्या कमरेच्या बेताची हवी. त्यांचा वॉकर डिकीत ठेवून बघा. सीएनजीची गाडी घेणार असाल तर सिलिंडरने जागा किती खाल्ली ते डोळ्यांनी बघा. मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हुक आहेत का, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या चाचणीत त्या गाडीला किती तारे मिळाले, तेही विचारा. मायलेजचा छापील आकडा चाचणीतला असतो. रस्त्यावर त्याहून कमीच धरून चाला.

महिन्यातून चार वेळाच गाडी बाहेर काढणार असाल आणि पैसे ओढूनताणून जमवत असाल, तर साधी गाडीच बरी. पण वहिनींचं तसं नाही.

गाडी आली की पहिला रविवार रिकाम्या मैदानावर घालवा. दोन्ही पेडल उजव्याच पायाने दाबायची, डावा पाय बाजूला स्वस्थ. सवयीने तो क्लच शोधायला जातो, ब्रेकवर पडतो आणि गाडी जागच्या जागी आदळते. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय मागचा गिअर घालू नका. बऱ्याच एएमटी गाड्यांना 'पी' नसतो. तिथे गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा. आंबा घाट उतरताना खालचा गिअर हाताने घाला, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

एक गोष्ट फार जपा. शाळेच्या फाटकाशी गाडी 'डी'वर ठेवून, ब्रेकवरचा पाय काढून, मागे वळून डबा देऊ नका. पाय उचलला की गाडी आपोआप पुढे सरकते आणि पुढे कुणाचं तरी मूल असतं. आधी हँडब्रेक आणि 'एन', मग डबा.

बॅटरी उतरली तर ही गाडी ढकलून सुरू होत नाही. म्हणून जंप केबल डिकीत ठेवा, आणि विमा घेताना रस्त्यावरच्या मदतीचे चार पैसे जास्त भरा. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर इंजिनाची ताकद जाते ती चाके उचलूनच न्यायला सांगा.