आठ लाल पाकिटं

विषुववृत्तापासून एक अंश उत्तरेला, म्हणून आमच्या वस्तीचं नाव वन-नॉर्थ. बायोपोलिस, फ्युजनोपोलिस असे भारदस्त शेजारी, आणि देशोदेशींची पोरं एका वर्गात. १३ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळी कन्येनं जाहीर केलं, "बाबा, उद्या व्हॅलेंटाईन पार्टी. कार्डं ठेवायला होल्डर हवाय." तिसरीतली पोर! आमच्या कपाळावरची आठी पाहून सौ.नी खुलासा केला, तसलं काही नाही. अमेरिकन शाळांतली जुनी पद्धत आहे. प्रत्येकानं वर्गातल्या प्रत्येकाला कार्ड द्यायचं, कुणालाही वगळायचं नाही.

आम्ही पडलो इंजिनियर. चिनी नववर्ष २९ जानेवारीलाच होऊन गेलेलं. बँका नि दुकानं फुकट वाटतात ती अंगपावची कोरी लाल पाकिटं घरात पडून होती. वर्ष सापाचं, त्यामुळे प्रत्येकावर सोनेरी साप! कॉर्नफ्लेक्सचं खोकं उलगडून पुठ्ठा काढला, त्यावर आठ पाकिटं तोंडं वर करून दोन ओळींत चिकटवली. इथल्या दमट हवेत नुसत्या डिंकावर भरवसा नाही, म्हणून कडांना स्टेपलर. एकेकात तीन कार्डं, म्हणजे चोवीस. वर्गात बाकीची मुलं तेवीस. (याला आमच्यात फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतात.) खुर्चीला अडकवायला वर सुतळी. सापांवर कन्येनं कागदी बदाम चिकटवले.

कार्डं मात्र बावीसच झाली.

"तेविसावं?"

"त्याला नाही देणार. तो माझ्या डब्याकडे बघून नाक दाबतो."

आम्ही लगेच संक्रांतीवर घसरलो. तिळगूळ काय फक्त आवडत्या माणसांना देतात? ज्याच्याशी भांडण, त्याला तर आधी द्यायचा, वगैरे.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मग मोठ्या काकांना तू फोन केलास?"

संक्रांत होऊन बरोब्बर महिना झाला होता. गावच्या घराच्या वाटणीवरून दादाशी बोलणं बंद, त्याला दोन वर्षं झाली. पोरीला हे माहीत असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. सौ. एकाएकी भांडी घासू लागल्या.

तेविसावं कार्ड रात्री साडेनऊला झालं. बदाम इतरांपेक्षा लहान होता, पण होता. पोर झोपायला गेली. भारतात सात वाजले होते. आम्ही गॅलरीत जाऊन नंबर लावला. वहिनींनी उचलला.

"वहिनी, दादा आहे का?"