उपचार किती, आणि कुणाला?

जानेवारी १८९७ च्या अखेरीस मुंबईत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी राजी झालेल्या कैद्यांना स्वतः तयार केलेली लस टोचली, बाकीच्यांना तसेच ठेवले आणि दोन्ही गटांतले आजारी व मृत मोजले. स्वतःहून दंड पुढे करणारा कैदी आणि मागे सरकणारा कैदी मुळात सारखेच होते असे धरून चालता येत नाही, म्हणून आजच्या निकषांवर ही तुलना कच्ची ठरेल. तरीही उपचाराचे मोल वैद्याच्या लौकिकावर न ठरवता तुलनेवर ठरवावे, हे या शहराने तेव्हाच पाहिले होते. पुढे १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला हा धडा गिरवायला फार वेळ लागला. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला फ्रान्झ टोरेक यांनी एका वृद्धेच्या छातीतली अन्ननलिका काढली. मानेतल्या छिद्रापासून जठरातल्या छिद्रापर्यंत अंगाबाहेरून गेलेल्या रबरी नळीतून अन्न पोटात घेत ती बाई बारा वर्षांहून अधिक जगली, आणि अशा सुट्या यशांच्या तेजात अपयशांची मोजदाद मागे पडत गेली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि हे शहर निदान आपले रुग्ण तरी मोजू लागले. अन्ननलिकेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा जागतिक ताळेबंद मात्र अर्लम आणि कुन्हा-मेलो यांनी १९८० मध्ये मांडला, तेव्हा शंभर रुग्णांमागे पाच वर्षे जगणारे जेमतेम चार निघाले.

मग शस्त्रक्रियेआधी केमो, किरणोपचार किंवा दोन्ही द्यायची कल्पना बळावली. १९९८ च्या अमेरिकी चाचणीत नुसत्या केमोचा लाभ दिसला नाही, तर २००२ च्या ब्रिटिश चाचणीत ८०२ रुग्णांमध्ये तो दिसला. २०१२ मध्ये डच ‘क्रॉस’ चाचणीने केमो आणि किरण एकत्र देऊन मध्यम आयुर्मान २४ महिन्यांवरून ४९ वर नेले, तेव्हा वाद मिटला असे अनेकांना वाटले. तो मिटला नव्हता. २०१४ मध्ये फ्रेंच चाचणीने फक्त पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले रुग्ण वेगळे काढून पाहिले, तर आधी उपचार घेतलेल्यांचे आयुष्य वाढले नाही, उलट शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू ३.४ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर गेले. पुढच्या टप्प्यात जे तारते, तेच आधीच्या टप्प्यात भारी पडू शकते.

यावरून ‘लवकरच्या टप्प्यात कमीच करावे’ असा नियम कुणी काढील, तर त्याला परळनेच उत्तर दिले आहे. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की दिसल्यावर, हा जुना वाद टाटा रुग्णालयातल्या चाचणीने २०१५ मध्ये निकाली काढला: आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षे जगले, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५. तिथे अधिक उपचार जिंकला. एका अवयवाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही, तसा एका जातीच्या गाठीचा दुसरीलाही नाही. अलीकडे जर्मनीतल्या ‘एसोपेक’ चाचणीत केमोने ‘क्रॉस’ला मागे टाकले ते अन्ननलिकेच्या ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारात, आपल्याकडे तंबाखूशी जोडलेला स्क्वॅमस प्रकार अधिक, म्हणून तो निकाल जसाच्या तसा इथे उतरवणे ही हाफकिनपूर्व सवय झाली.

अडचण वेगळीच आहे. घास अडकू लागला की माणूस भाकरी दुधात कुस्करून खातो, मग मऊ भातावर येतो, मग पेजेवर, आणि पाणीही उतरेनासे झाले की दुर्बीण घालून घ्यायला तयार होतो. तोवर पहिला टप्पा बहुधा मागे पडलेला असतो. फ्रान्समध्येसुद्धा तीस केंद्रांना पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले १९५ रुग्ण जमवायला नऊ वर्षे लागली.